शेअर आपले, मग खरेदीचा हिशेब दलालाच्या घरी कसा?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या घरात डीमॅट खातं आहे त्याने शेवटपर्यंत वाचा. आपल्या खान्देशात असे लोक थोडे नाहीत. अमळनेरमध्ये तर विप्रोच्या शेअरवर अख्खी घरं उभी राहिली. १९४५ साली तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाने वनस्पती तुपाची कंपनी निघाली. गावातल्या लोकांनी तिचे कागद घेतले, ट्रंकेत ठेवले आणि विसरून गेले. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या शेअरचा हिशेब आज कोणाकडे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात अमळनेरच्या एका निवृत्त गुरुजींनी फोन केला. त्यांचा दलाल जळगावचा. धंदा बंद झाला तसं खातं दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर आणलं. शेअर आले, नग बरोबर, एक कमी नाही. खरेदी भावाच्या रकान्यात मात्र शून्य. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने जुने व्यवहार जीएनयूकॅश नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये भरायचं ठरवलं. जुन्या दलालाकडून मिळाल्या त्या फक्त काही पीडीएफ. त्यांना पॅनचा पासवर्ड, आणि आत अशी तक्ती की कॉपी केली तर भाव एका ओळीत आणि नग तिसऱ्या. एका वर्षाची फाईल एक्सेलमध्ये मिळाली, तर तिच्यात महिना आधी आणि दिवस नंतर. ५ मार्चची खरेदी सॉफ्टवेअरने ३ मेला टाकली. २०१८-१९ चे काही व्यवहार मिळालेच नाहीत. दलालाचा माणूस म्हणाला, "सर्व्हर बदलला, जुना डेटा नाही." गुरुजी मला विचारतात, "आते काय करानं भाऊ?"

याची किंमत रुपयांत सांगतो. समजा २०१९ मध्ये ३ लाखांना घेतलेले शेअर तुम्ही आज ४ लाखांना विकले. नफा १ लाख. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, म्हणजे कर शून्य. पण खरेदी भाव सिद्ध करता आला नाही तर पूर्ण ४ लाख नफा धरला जाऊ शकतो. सव्वा लाख वजा करून उरले पावणेतीन लाख, त्यावर साडेबारा टक्के. ३४,३७५ रुपये, वर सेस. न झालेल्या नफ्यावर! आयकर खात्याच्या एआयएसमध्ये विक्रीची रक्कम चोख येते. खरेदीची बाजू मात्र अनेकदा शून्य नाहीतर अंदाजाची असते. ती दुरुस्त करायची जबाबदारी तुमची, आणि पुरावा दलालाकडे.

विप्रोवाल्यांचं गणित आणखी अवघड आहे. २००४ च्या बोनसआधी कोणाकडे १०० शेअर होते असं धरा. (बायबॅक आणि २०१३ चं विभाजन बाजूला ठेवू, नाहीतर पोस्ट संपणार नाही.) २००४ ला एकास दोन बोनस, झाले ३००. २००५ ला एकास एक, ६००. २०१० ला तिनास दोन, १०००. २०१७ ला एकास एक, २०००. २०१९ ला तिनास एक, २६६६. २०२४ ला एकास एक, ५३३२. ॲप तुम्हाला ५३३२ ची एकच ओळ दाखवतं. कायद्याच्या नजरेत मात्र ते वेगवेगळे ढीग आहेत. पहिल्या २००० ना ३१ जानेवारी २०१८ च्या भावाचा फायदा मिळतो. नंतरच्या ३३३२ ची खरेदी किंमत शून्य, आणि त्यांच्या तारखाही दोन. बोनस मिळून वर्षही झालं नसेल आणि विकला, तर कर २० टक्के. सॉफ्टवेअरला हे सगळं सांगायचं तर प्रत्येक ओळ हाताने भरा. सत्तरीतल्या माणसाने भरायचं हे?

आता कोणी म्हणेल, कागद सांभाळायला नकोत का? नकोत कसे, सांभाळायलाच हवेत. पण नियमांचा मेळ बघा. सेबीच्या १९९२ च्या नियमावलीने दलालाला दफ्तर किमान पाच वर्षं जपायला सांगितलं. आयकर कायदा मात्र विचारतो २०१८ आधीचं, कधीकधी २००१ चं. डिपॉझिटरीला विचारा, ती सांगेल कोणत्या तारखेला किती नग आले. भाव तिच्या वहीत नसतोच. म्हणजे खातं बदललं की माल पोचतो आणि बिल मागे राहतं. कार्वीवर २२ नोव्हेंबर २०१९ ला सेबीचा आदेश आला, पुढे ग्राहकांची खाती दुसऱ्या कंपन्यांकडे गेली, २०२३ ला कार्वीची नोंदणीही रद्द झाली. एवढी मोठी कंपनी बुडू शकते, तर गोलाणी मार्केटमधल्या नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका खोलीच्या ऑफिसचं काय घेऊन बसलात? २०१८ मध्ये तर सेबीने सब-ब्रोकर हा प्रकारच बंद केला. किती पाट्या उतरल्या, आठवून बघा. त्यांच्या कपाटातल्या फायली कुठे गेल्या?

आणि हे जमत नाही असं तर मुळीच नाही. म्युच्युअल फंडात जमतं. कॅम्स आणि केफिनटेककडे ई-मेल टाकला की पहिल्या हप्त्यापासून आजपर्यंत तारीख, युनिट, भाव, रक्कम असं सगळं पत्रक घरबसल्या येतं, एजंट कितीही बदला. अमेरिकेत २०११ पासून शेअर एका दलालाकडून दुसऱ्याकडे गेले की मूळ खरेदी किंमतही १५ दिवसांत पाठवावी लागते, कायदाच आहे. अमेरिका सोडा. आपल्या तलाठी ऑफिसला आपण रोज नावं ठेवतो, पण सातबारा बदलला तरी जुने फेरफार तहसीलला अर्ज करून निघतात. कापसाच्या शेताचा इतिहास मिळतो आणि पाच वर्षांपूर्वी मोबाईलवर घेतलेल्या शेअरचा मिळत नाही!

मला विचाराल तर यात दलाल कंपन्यांची सोय आहे. हिशेब अडकला की गिऱ्हाईक अडकतं. माणूस म्हणतो, जाऊ दे, कोण एवढी झंझट करेल, राहू दे खातं इथंच. काही कंपन्या फाईल चांगली देतात, नाही असं नाही. पण ती त्यांची मर्जी झाली, तुमचा हक्क नाही.

मागणी साधी आहे. सेबीने एकच नमुना ठरवावा: तारीख, आयएसआयएन, नग, भाव, दलाली, कर. खातं उघडल्यापासूनचा प्रत्येक व्यवहार त्यात, कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा सीएसव्ही फाईलमध्ये, फुकट. खातं हलवलं की ही फाईल शेअरबरोबर गेलीच पाहिजे. दलाल धंदा बंद करत असेल तर आधी दफ्तर डिपॉझिटरीकडे जमा, मगच पाटी उतरवायची. जळगाव-धुळ्यातल्या सीए मंडळींनी यावर एक निवेदन द्यायला काय हरकत आहे? जुलै आला की या शून्याशी तेच तर झगडतात.

तोवर या रविवारी एवढं करा. ॲपमधून ट्रेडबुक वर्षवार उतरवून घ्या, कॉन्ट्रॅक्ट नोट पेनड्राइव्हवर टाका, जुने छापील कागद असतील तर फोटो काढा. दलालाने नकार दिला तर तो लेखी मागा आणि सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार टाका. उत्तर काय आलं ते खाली कॉमेंटमध्ये लिहा, तारखेसकट. आलेली उत्तरं एकत्र करून मी सेबीला पाठवणार आहे.