फोल्डर कॉपी केलाय? मग 'रिसेट'ला हात लावू नका



दोन-तीन जण मिळून वेबसाइट किंवा बिलिंग सॉफ्टवेअर बनवून देणारी बरीच मंडळी हे वाचतात. नवा लॅपटॉप आला की जुन्यातला प्रोजेक्टचा अख्खा फोल्डर उचलून नव्यात टाकायचा, ही आपली पद्धत. मग काम सर्व्हरवर चढवणारी स्क्रिप्ट अडून बसते. म्हणते, फाइलींत बदल आहेत. बदललेलं तर एक अक्षर नसतं! अशा वेळी कोणीतरी सल्ला देतं, "गिट रिसेट --हार्ड मार, सगळं साफ होईल." होतं ना साफ. कमिट न केलेलं कालचं कामही साफ होतं, आणि ते सहसा परत मिळत नाही. गिऱ्हाइकाला काय सांगणार?

माझं मत विचाराल तर या सल्ल्याइतका महाग फुकटचा सल्ला दुसरा नाही.

मसाल्याचा घाऊक बाजार मशीद बंदरहून आपल्या वाशीच्या एपीएमसीत आला. माल तोच, गाळा नवा. जुन्या वहीत जुनाच गाळा असेल तर माल फेकून द्यायचा की वही दुरुस्त करायची?

गिटच्या या वहीचं नाव इंडेक्स. प्रत्येक फाइलचा आकार, बदलाची वेळ, डिस्कवरचा आयनोड क्रमांक तिच्यात नोंदलेला असतो. कॉपी केल्यावर आयनोड बदलतो, बऱ्याचदा वेळही. स्क्रिप्टमध्ये 'गिट डिफ-फाइल्स'सारखी कमांड असेल तर ती मजकूर न तपासता नोंदीवरच बोलते.

उपाय: 'गिट अपडेट-इंडेक्स --रिफ्रेश' (टाइप अर्थात इंग्रजीत करा). गिट मजकूर ताडून बघतं, जुळला तर नोंद ताजी करतं. खरंच बदललेल्या फाइलीपुढे 'नीड्स अपडेट' येतं. तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही. 'गिट स्टेटस'ही हेच करतं, म्हणून ते चालवल्यावर स्क्रिप्ट आपोआप सुरळीत झाली असं वाटतं.

पेनड्राइव्हवरून आणलं असेल तर रिफ्रेशनंतरही फाइली बदललेल्या दिसू शकतात. 'गिट डिफ'मध्ये फक्त 'ओल्ड मोड, न्यू मोड' असेल तर परवानगीची खूण हललेली आहे; 'कोअर.फाइलमोड' फॉल्स करा.

क्लोन का नाही? सगळं कमिट आणि पुश झालं असेल तर क्लोनच करा. पण अर्धवट काम क्लोनमध्ये येत नाही, म्हणून कॉपी करणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. फक्त उचलण्याआधी जुन्या लॅपटॉपवर 'गिट स्टेटस' बघा आणि बदललेल्या फाइलींची नावं लिहून ठेवा. नव्यावर रिफ्रेशनंतर तीच नावं आली पाहिजेत. तोवर जुना लॅपटॉप विकायला काढू नका.