चर्चची यादी वादळाआधी तयार हवी

30 नोव्हेंबर 2017 रोजी ओखी वादळ केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा अनेक बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. त्यानंतर कित्येक दिवस बेपत्ता मच्छीमारांचा सरकारी आकडा आणि चर्चकडचा आकडा जुळत नव्हता. वाऱ्याने भरकटलेल्या साठाहून अधिक बोटी तर थेट सिंधुदुर्गात देवगडला लागल्या. कोण वाचले, कोण नाही, हे घरोघरी विचारून जुळवावे लागले. किनाऱ्यावरच्या या गावांत कोणत्या घरातला कोण कोणत्या बोटीवर आहे, हे धर्मग्रामालाच नीट ठाऊक असते.

म्हणून तुमच्या चर्चने पावसाळ्याआधी करायचे पहिले काम म्हणजे ही माहिती लिहून ठेवणे. समुद्रावर जाणारे, अंथरुणाला खिळलेले, गरोदर महिला, एकटे राहणारे वृद्ध यांची यादी करा. मिस्साला न येणारे भाडेकरू आणि परराज्यातले खलाशीही त्यात घ्या. नेमके तेच सुटतात. यादी कागदावर दोन ठिकाणी ठेवा. आधार क्रमांक लिहू नका आणि यादी व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका.

याचा मदतीशी थेट संबंध आहे. आपत्तीत मृत्यू झाल्यास राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार वारसांना 4 लाख रुपये मिळतात, पण मृत्यूचे कारण सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले लागते. ‘बेपत्ता’ आणि ‘मृत’ हे बोलताना जवळचे शब्द वाटतात. अर्जात मात्र त्यांच्यामध्ये मोठे अंतर पडते. माणूस त्या दिवशी त्या बोटीवर होता, हे दाखवणारी जुनी नोंद तिथे कामी येऊ शकते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही तपासा. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे अपघाती विमा संरक्षण मिळते, वय 18 ते 70, आणि नैसर्गिक आपत्तीतील मृत्यूही त्यात येतो. मुदत 31 मे रोजी संपते, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. खात्यात तेवढेही पैसे नसतील तर हप्ता कापला जात नाही आणि संरक्षण थांबते. मे महिन्यातल्या एका रविवारी मिस्सानंतर फादरांनी एवढी घोषणा केली तरी खूप झाले. वारसाचे नाव बरोबर आहे का, हेही त्याच वेळी बँकेत विचारून घ्या.

तरुण मुलामुलींसाठी ‘आपदा मित्र’ प्रशिक्षण आहे. तुमच्या जिल्ह्यात पुढची तुकडी कधी आहे, ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा. इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ अॅप मराठीतही चालते.

चर्चची इमारत निवारा म्हणून द्यायची असेल, तर छप्पर आणि भिंती आधी अभियंत्याकडून तपासून घ्या. जुनी वास्तू मोठी असते, पण सुरक्षित असेलच असे नाही. मग तहसीलदारांना लेखी कळवा आणि किल्ली कोणाकडे असते, तेही त्या पत्रात लिहा. तातडीच्या मदतीसाठी 112, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी 1077.