मुहूर्त तुमचा, सही नवऱ्याची

बाळंतपणात घरच्यांचे कोणी ऐकत नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. शहरांतल्या खासगी प्रसूतिगृहांत घरच्यांचे चांगले ऐकले जाते. खोली कोणती हवी, पॅकेज कुठले, आणि सिझेरियन ठरलेच असेल तर ज्योतिषाने काढून दिलेली सकाळी नऊ बावीसची वेळ साधायची का, या बाबतींत त्यांच्या शब्दाला पुरेसा मान असतो. मात्र जिला कळा येत आहेत तिने ‘मला आडवे पडवत नाही, मी जरा उभी राहते’ असे म्हटले, की तो हट्ट ठरतो. आमचा आक्षेप या वाटणीला आहे.

ती मागते आहे ते काही नवे फॅड नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत ते सारे आहे: बाळंतिणीला हवे ते माणूस सोबत असावे, तिला हिंडूफिरू द्यावे, सरसकट छेद घेऊन टाके घालू नयेत. आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाने उघडलेच पाहिजे हा आग्रह सोडावा. आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ वेग कमी म्हणून हस्तक्षेप करू नये. या घड्याळापायीच कळा वाढवण्याचे सलाईन लागते, आणि तेवढ्याने भागले नाही की ‘प्रोग्रेस नाही’ म्हणून तिला थिएटरात नेतात. आपल्याकडेही कागदांची वाण नाही. सरकारी रुग्णालयांत एका स्त्री नातलगाला सोबत राहू द्यावे, असे केंद्राने 2016 मध्ये ठरवले. 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाची वागणूक हे उद्दिष्टच आहे. नवरा अजून दाराबाहेरच, कारण अनेक ठिकाणी दोन टेबलांमध्ये पडदासुद्धा नसतो.

आजीच्या काळची ती अंधारी खोली आम्हांला परत नको आहे. 2018-20 मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू झाले, देशात 97. हा आकडा इतका खाली आला त्यात रुग्णालयांचा, रक्तपेढ्यांचा आणि वेळेवर केलेल्या सिझेरियनचा वाटा मोठा आहे. पण वेळेवर केलेले आणि वेळ वाचवण्यासाठी केलेले, यांत फरक करावाच लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2005-06 मध्ये देशात शेकडा 8.5 बाळंतपणे सिझेरियनने होत; 2019-21 मध्ये 21.5. त्यातही सरकारी रुग्णालयांत 14.3 आणि खासगीत 47.4. सरकारी दार ओलांडून खासगी दारात शिरताना बायकांची हाडे अरुंद होत असावीत! अवघड केस तर बहुधा उलट दिशेने, छोट्या नर्सिंग होममधून मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवली जाते.

‘हल्ली बायकाच सिझर मागतात’ हे यावरचे ठरलेले उत्तर. मागतात; पण प्रसूतिकक्षात एकटे पडायचे, ओरडा खायचा, ‘तेव्हा नाही कळलं का?’ असले टोमणे ऐकायचे, आणि वेदनाशमन मागितले तर भूलतज्ज्ञ उपलब्ध नाहीत, हे जिने मोठ्या बहिणीकडून ऐकले आहे तिने भूल मागितली तर ती निवड कसली? ती सुटका आहे. डॉक्टरांची बाजूही आम्हांला दिसते. एकट्याच्या बळावर नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरने एकीसाठी अठरा तास थांबायचे, बाहेर ओपीडी खोळंबलेली, काही बरेवाईट झाले तर नातलग काचा फोडणार. आणि वाट पाहण्याचे बिल लावता येत नाही. म्हणूनच वाट पाहणे हेच जिचे काम, अशी प्रशिक्षित सुईण हवी. तिच्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे 2018 मध्येच निघाली आहेत. खासगी प्रसूतिगृहांना तिची गरज अजून फारशी वाटलेली दिसत नाही.

राहिला सहीचा प्रश्न. ‘आईवडिलांचे म्हणणे’ हा शब्दप्रयोग ऐकायला गोड आहे, पण त्यात आई सहज हरवते. संमतिपत्र नवऱ्यापुढे सरकवले जाते, त्याची नजर सासूबाईंकडे जाते, आणि आत पडलेली सज्ञान, शुद्धीवर असलेली बाई या चर्चेत कुठेच नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट म्हटले आहे की संमती रुग्णाचीच हवी, आणि तीही पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली. तिथे भुलीखाली असलेल्या मुलीसाठी तिच्या आईने दिलेली संमती न्यायालयाने मानली नाही. जन्मदात्या आईची चालली नाही, ती नवऱ्याची कशी चालावी? बापाला म्हणणे मांडायचेच असेल तर त्याने तिचे म्हणणे मांडावे: गेल्या वर्षी तुमच्याकडे पहिलटकरणींपैकी किती जणींचे सिझर झाले, हिला चालू देणार का, सोबत कोण राहणार, छेद घेण्याआधी विचारणार का. आणि हे सातव्या महिन्यात विचारावे, डोहाळजेवणाचा हॉल ठरवण्याच्या आधी. उत्तरे तिच्या फाइलमध्ये लिहून घ्यावीत, आणि खाली सही तिची असावी.