राजसत्ता, ईश्वर आणि न्यायासन

राजाच्या दैवी अधिकाराचा सिद्धान्त ही अज्ञानी मध्ययुगाची श्रद्धा होती आणि बुद्धिवादाचा उदय होताच ती लयास गेली, असे आपल्या सुशिक्षितांत सर्रास मानले जाते. आणि त्यालाच जोडून, आमच्या धर्मशास्त्राने राजाला आरंभापासूनच धर्माच्या अंकित ठेवले असल्यामुळे युरोपास जे रक्त सांडून शिकावे लागले ते आम्हांस उपजतच ठाऊक होते, अशी शेखीही मिरवली जाते. ही दोन्ही मते मला अग्राह्य वाटतात. राजाहून श्रेष्ठ असा काही नियम आहे की नाही, हाच मुख्य वाद होता असे गृहीत धरल्यामुळे ती उद्भवली आहेत. आणि तो वाद तर जवळजवळ कधी झालाच नाही.

प्रथम मध्ययुगाचा आरोप घेऊ. इंग्लंडच्या विधिशास्त्राचा तेराव्या शतकातील मोठा लेखक ब्रॅक्टन याने राजा कोणत्याही मनुष्याच्या अधीन नसला तरी ईश्वराच्या आणि कायद्याच्या अधीन आहे, असे स्पष्ट लिहून ठेवले होते. ज्या सिद्धान्ताला आपण मध्ययुगीन म्हणतो त्याचे बांधेसूद प्रतिपादन त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी, 1598 साली, स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने आपल्या ग्रंथात केले. आणि हा जेम्स अडाणी तर नव्हेच, उलट त्या काळच्या राजांत विद्वत्तेबद्दल नावाजलेला होता. तो अवघा तेरा महिन्यांचा असताना, 1567 मध्ये, त्याच्या आईला पदच्युत करून सरदारांनी त्याला गादीवर बसवले. त्याचा गुरू जॉर्ज ब्यूकॅनन याने, जुलमी राजाचा वध करण्याचा प्रजेस हक्क आहे असे सांगणारा ग्रंथ 1579 मध्ये प्रसिद्ध करून खुद्द या शिष्यालाच अर्पण केला. पुढे 1589 मध्ये फ्रान्सचा तिसरा आंरी एका धर्मवेड्या भिक्षूच्या सुऱ्याने मेला, 1605 मध्ये जेम्सलाच पार्लमेंटासह दारूने उडवून देण्याचा कट उघडकीस आला, आणि 1610 मध्ये चौथ्या आंरीचीही तीच गत झाली. धर्माज्ञेचे नाव घेऊन कोणीही उठावे आणि राजाचा गळा कापावा अशा काळात, राजा हा केवळ ईश्वरास जबाबदार आहे, हे म्हणणे दर्पोक्तीइतकेच शांततेच्या तळमळीतूनही निघाले होते. पूर्वपक्षाचे हे बळ मान्य केल्यावाचून त्याचे खंडन करण्यात पुरुषार्थ नाही.

याच जेम्सने, इंग्लंडच्या गादीवर आल्यानंतर, 1610 च्या मार्च महिन्यात पार्लमेंटापुढे केलेल्या ज्या भाषणात राजांना ईश्वराच्या पंक्तीस बसवले, त्याच भाषणात सुस्थिर राज्यातला जो राजा कायद्याने राज्य करीत नाही तो जुलमी ठरतो, असेही सांगून टाकले. म्हणजे श्रेष्ठ नियम राजालाही कबूल होता. कबूल नव्हते ते एवढेच, की त्या नियमाचा भंग झाला किंवा नाही याची मुनसफी पृथ्वीवरील कोणा मनुष्याने करावी. ईश्वर न्याय करील खरा, पण परलोकी. आणि जिची मालमत्ता जप्त झाली किंवा जिचा मुलगा तुरुंगात पडला त्या रयतेने तोवर वाट पाहत बसावे, हे या सिद्धान्ताचे खरे वैगुण्य होय. त्याची दैवी भाषा हे केवळ वरचे वस्त्र.

जेम्सच्या काळचा इंग्लंडमधील सरन्यायाधीश एडवर्ड कोक याचे थोरपण त्याने हे नेमके हेरले यात आहे. न्यायाधीश हे आपलेच मुखत्यार असल्यामुळे आपण स्वतः हवा तो खटला चालवू शकतो, असे 1607 च्या सुमारास जेम्सने म्हटले, तेव्हा कोकने उत्तर दिले की महाराजांची बुद्धी तीव्र असली तरी कायद्याचे ज्ञान दीर्घ अध्ययनाने आणि अनुभवाने येते, निसर्गदत्त बुद्धीने नव्हे. आणि वर ब्रॅक्टनचे वचन ऐकवले. हा प्रसंग कोकच्या स्वतःच्या लेखणीतून मोठ्या धीरोदात्त थाटात उतरला आहे. पण समकालीन वृत्तान्त सांगतात की राजा संतापला आणि सरन्यायाधीश महाशय गुडघेच काय, हातही टेकून क्षमा मागू लागले. मला त्यात कोकची अप्रतिष्ठा दिसत नाही. मर्जी फिरली की ज्याची नोकरी जाते, त्याला उभे राहून बोलणे कितपत परवडणार? पुढे 1616 मध्ये, राजाने हुकूम केल्यास खटला थांबवाल काय, असा प्रश्न बारा न्यायाधीशांना विचारला गेला. अकरांनी होकार दिला, आणि न्यायाधीशास जे उचित ते मी करीन, एवढेच म्हणणाऱ्या कोकला त्याच वर्षी नोव्हेंबरात बरतर्फ करण्यात आले. श्रेष्ठ कायदा जिथल्या तिथे राहिला. सांगणारा तेवढा घरी गेला.

राजाच्या विरोधकांनाही या दोषातून मुक्त मानण्याचे कारण नाही. राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धानंतर, 1648 च्या डिसेंबरात, लष्कराने पार्लमेंटातील नको ते सभासद हाकलून लावले, उमरावांच्या सभेचा नकार बाजूस सारून 135 जणांचे न्यायासन निर्माण केले, आणि जानेवारी 1649 मध्ये जेम्सचा मुलगा राजा पहिला चार्ल्स याला त्यापुढे उभे केले. दैवी अधिकाराच्या या कट्टर अभिमान्याने तेथे विचारले ते हे, की तुम्ही कोणत्या कायद्याने मला येथे आणले, आणि कायद्यावाचून नुसत्या बळाने कायदे होऊ लागले तर या देशात कोणाचे जीवित सुरक्षित राहील? या प्रश्नाचे सरळ उत्तर अध्यक्ष ब्रॅडशॉजवळ नव्हते. 59 जणांनी मृत्युलेखावर सह्या केल्या आणि 30 जानेवारीस राजाचे शिर उडाले. पण त्या कुऱ्हाडीने जो प्रश्न सुटला असे समजले गेले तो तसाच उरला. तो सुटू लागला 1701 च्या कायद्याने, ज्यात न्यायाधीशाची नेमणूक राजाच्या मर्जीवर न राहता सद्वर्तनावर राहील आणि त्याला दूर करावयाचे तर पार्लमेंटाच्या दोन्ही सभांनी तशी मागणी करावी लागेल, असे ठरले. काव्यहीन कलम, परंतु कोकच्या ज्ञानाला जे साधले नाही ते त्याने साधले.

आता आमच्या शेखीकडे वळू. मनूने राजा बालक असला तरी त्याची अवज्ञा करू नये, तो मनुष्यरूपातील महादेवता आहे, असे म्हटले, आणि त्याच अध्यायात धर्मच्युत राजाचा दंड सबान्धव नाश करतो असेही बजावले. ज्या अपराधास सामान्य मनुष्याला एक कार्षापण दंड, तेथे राजाला सहस्र, हेही त्याचेच. तत्त्व उज्ज्वल आहे. पण हा सहस्राचा दंड वसूल कोणी करावयाचा? टीकाकार म्हणतात, राजाने तो स्वतःच पाण्यात सोडावा किंवा ब्राह्मणांस द्यावा. वेन राजाला ऋषींनी मारल्याची कथा महाभारतात आहे. पण ते मंत्रपूत दर्भ प्रत्येक पिढीत मिळत नाहीत.

पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव येथे घेतल्यावाचून कोणा मराठी वाचकाचे समाधान होणार नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारदी शिपायांच्या हातून नारायणराव पेशव्यांचा खून झाला; शास्त्रीबुवांनी चौकशी करून नारायणरावांचे चुलते रघुनाथराव यांना, ते मसनदीचे धनी झाले असताना, देहान्त प्रायश्चित्तच सांगितले आणि पुणे सोडले. त्यांच्या तेजापुढे मी नतमस्तक आहे. म्हणूनच त्या प्रसंगाचे विजयगीत करणे मला खटकते. शिक्षा न्यायासन देते व राज्य अमलात आणते. प्रायश्चित्त पाप्याने आपण होऊन घ्यावयाचे असते. निर्णय झाला, आणि निर्णय देणाराच निघून गेला, हा जर आमचा विजय, तर 1616 मधील कोकची बरतर्फी हाही इंग्रजांचा विजयच म्हणावा लागेल.

यावर कोणी म्हणेल की गारद्यांच्या तलवारी कोणत्या कलमाने थांबल्या असत्या? एकही थांबली नसती. परंतु खून टळणे आणि खुनी जबाबदार धरला जाणे या भिन्न गोष्टी आहेत. बारभाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारभाऱ्यांनी रघुनाथरावांशी जो झगडा मांडला तो प्रथम नारायणरावांची विधवा गंगाबाई यांच्या नावाने आणि 1774 पासून त्यांचा मुलगा सवाई माधवराव याच्या वारसाहक्कासाठी. हाती लागलेल्या काही मारेकऱ्यांना शासनही झाले. ज्यांच्यावर शास्त्र्यांनी दोष ठेवला ते रघुनाथराव मात्र इंग्रजांच्या आश्रयास गेले, 1775 चा सुरतेचा तह करून मोकळे झाले, आणि 1783 मध्ये कोपरगावास वारले. या दहा वर्षांत त्यांना कोणत्याही न्यायासनापुढे उभे राहावे लागले नाही.