निम्म्या हंगामाचा गुणफलक वाचताना

प्रीमियर लीगचा हंगाम ३८ फेऱ्यांचा असतो. वर्ष सरता सरता तो निम्म्यावर येतो आणि खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधून फॅन्टसी प्रीमियर लीग खेळणारे लाखो जण गुणफलक उघडून बसतात. कोणाला ठेवायचे, कोणाला काढायचे? २०२५-२६ पासून या टप्प्याचे महत्त्व वाढले आहे. वाइल्डकार्ड, ट्रिपल कॅप्टन यांसारख्या चिप्सचा, म्हणजे मोजक्या वेळा वापरता येणाऱ्या खास सवलतींचा, पहिला संच आता पूर्वार्धातच वापरावा लागतो. मात्र या वेळी सर्वाधिक चुका होतात त्या नुसत्या बेरजेवर विसंबल्यामुळे. गुण किती मिळाले याच्याआधी ते कोणत्या जागेवरून आणि कशामुळे मिळाले, हे विचारले पाहिजे.

या खेळात गोलची किंमत खेळाडूच्या जागेनुसार बदलते. बचावपटूच्या गोलला ६ गुण, मिडफिल्डरच्या ५, तर फॉरवर्डच्या गोलला फक्त ४. संघाने गोल खाल्ला नाही तर किमान तासभर खेळलेल्या गोलरक्षकाला व बचावपटूला ४ गुण मिळतात, मिडफिल्डरला १ आणि फॉरवर्डला काहीच नाही. २०२४-२५ मध्ये न्यूकॅसलच्या अलेक्झांडर इसाकने २३ गोल केले आणि २११ गुण मिळवले. ब्रेंटफर्डच्या ब्रायन एम्ब्यूमोचे गोल २०, गुण मात्र २३६. एम्ब्यूमोची नोंद मिडफिल्डर म्हणून होती, त्यामुळे त्याला गोलांचेच १०० गुण मिळाले, इसाकला ९२. लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहने त्याच हंगामात ३४४ गुणांचा विक्रम केला, तोही मिडफिल्डर म्हणूनच. फॉरवर्ड असता तर २९ गोलांमागे त्याचे २९ गुण तिथेच कमी झाले असते. आक्रमणाच्या टोकाला खेळणारा मिडफिल्डर गुणफलकावर वर दिसतो, यात त्याच्या कौशल्याइतकाच नियमाचाही वाटा आहे. तो वाटा उत्तरार्धातही टिकतो, म्हणून अशा खेळाडूवर खर्च करणे रास्त ठरते.

बचावपटूंचे गुण हे बऱ्याच अंशी संघाचे गुण असतात. २०१८-१९ मध्ये लिव्हरपूलच्या अँडी रॉबर्टसनने लीगमध्ये एकही गोल न करता २१३ गुण मिळवले. त्यामागे संघाच्या २१ क्लीन शीट, म्हणजे गोल न खाता संपवलेले सामने, होत्या. म्हणून बचावपटू निवडताना आधी संघ पाहावा, समोरचे सामने पाहावेत. २०२५-२६ च्या नव्या नियमाने यात थोडा बदल केला. टॅकल, इंटरसेप्शन, ब्लॉक आणि क्लिअरन्स मिळून दहा झाले की बचावपटूला २ गुण मिळतात. तळाच्या संघातला, सतत चेंडू परतवणारा सेंटर-बॅकही त्यामुळे उपयोगी ठरू लागला. हे गुण त्याच्या रोजच्या कामाचे असल्याने क्लीन शीटपेक्षा अधिक भरवशाचे असतात.

गोलांचा भरवसा तितका धरता येत नाही. २०२२-२३ मध्ये मँचेस्टर सिटीच्या एर्लिंग हालांडने विश्वचषकाच्या विश्रांतीपर्यंत १३ सामन्यांत १८ गोल केले होते. हंगामाअखेर आकडा ३६ वर गेला, पण उरलेले १८ गोल करायला त्याला २२ सामने लागले. २०२४ च्या डिसेंबरअखेर सलाहच्या नावावर १८ सामन्यांत १७ गोल आणि १३ असिस्ट होते. पुढच्या २० सामन्यांत १२ गोल आणि ५ असिस्ट. दोघेही उत्तरार्धात वाईट खेळले असे नव्हे. पूर्वार्धाची गती असामान्य होती आणि असामान्य गती सहसा टिकत नाही. उलटही घडते. चेल्सीच्या कोल पामरने २०२४ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध हॅटट्रिक आणि एव्हर्टनविरुद्ध चार गोल केले. त्या हंगामातल्या त्याच्या २२ पैकी ९ गोल पेनल्टीचे होते. पेनल्टी कोण घेतो, हा तपशील म्हणूनच शेवटच्या चार सामन्यांच्या गुणांपेक्षा अधिक सांगून जातो.

थंडीतले वेळापत्रकही प्रत्येक जागेला सारखे वागवत नाही. सामने दाटीने आले की प्रशिक्षक विंगर आणि स्ट्रायकर यांना आलटून पालटून विश्रांती देतात. गोलरक्षक आणि सेंटर-बॅक बहुधा खेळत राहतात. आफ्रिका चषकासाठीही ऐन हंगामात खेळाडू जातात. २०२४ च्या जानेवारीत सलाह तिथेच जखमी झाला.

तेव्हा मध्यावर प्रत्येक खेळाडूबद्दल तीन प्रश्न विचारावेत. तो नियमित खेळतो का? गोलच्या संधी त्याला अजूनही मिळतात का? त्याचे गुण भूमिकेतून आले की दोन-तीन अपवादात्मक सामन्यांतून? खेळतो आहे आणि संधीही मिळताहेत, फक्त गोल होत नाहीत, अशा खेळाडूला घाईने काढू नये. संधी आटल्या असतील तर नाव कितीही मोठे असो, त्याला सोडण्याचे धैर्य दाखवावे. या खेळातला निखळ आनंद फुटबॉल अधिक बारकाईने पाहण्यात आहे, आणि हे प्रश्न विचारणारा माणूस गुणफलकावर कुठेही असला तरी सामना अधिक चांगला पाहू लागतो.