वार्धक्यातील खिन्नता

भुसावळ हे जसे गाड्यांचे जंक्शन, तसेच निवृत्त रेल्वेसेवकांचे गाव. ज्यांनी उभी हयात घड्याळाच्या काट्यावर गाड्या चालविल्या, त्यांपैकी कित्येकांना आज सकाळची संध्याकाळ करणे जड जाते. मुले पुण्या-मुंबईस, जोडीदार निवर्तलेला. झोप नाही, अन्नावर वासना नाही, ही तक्रार घेऊन ते दवाखान्यात जातात. तेथे रक्तदाब मोजला जातो, गोळ्या मिळतात आणि ‘वयोमानाप्रमाणे चालायचेच’ हे वाक्य ऐकावयास मिळते. आमच्या मते हे निदान नव्हे. निदान टाळण्याची सोय आहे.

गोव्याने निराळी वाट चोखाळली. तेथील डॉ. अमित डायस प्रभृतींनी ग्रामीण व नागरी प्राथमिक दवाखान्यांत येणाऱ्या, साठी ओलांडलेल्या आणि खिन्नतेची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ जणांवर प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी प्रशिक्षित समुपदेशक बोलत राहिले. हे समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते, हे विशेष. चिंतांपैकी एक निवडावयाची, तिच्यावरील उपाय रुग्णाकडूनच वदवून घ्यावयाचे आणि त्यांतील एक करून पाहावयास लावावयाचे, ही पद्धत. मग ती चिंता अडलेल्या निवृत्तिवेतनाची असो वा लांबलेल्या मोतीबिंदूची. झोपेसाठीही गोळी नव्हे, तर अंथरुणात जागे पडून राहण्याचा काळच कमी करावयाचा. वर्षभरात पहिल्या गटातील शेकडा १४ जणांना तीव्र नैराश्याने गाठले, दुसऱ्यातील अवघ्या ४ जणांना. हे निष्कर्ष २०१९ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या मनोविकारविषयक नियतकालिकात छापून आले.

घरच्यांनी दोन शब्द बोलावेत, हेच खरे औषध, असे कोणी म्हणेल. परंतु पुष्कळदा दुःख घरच्यांविषयीचेच असते. ते त्यांच्यापाशी कसे बोलावे? शासनाने २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा दूरध्वनी चालविला आहे. तो स्वागतार्हच, पण कानांनी मंद झालेल्या आजोबांना त्याचा उपयोग किती? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही सेवा प्राथमिक स्तरापर्यंत नेण्याचे बंधन शासनावर घातले आहे, त्याचे स्मरण येथे द्यावेसे वाटते.

आमची मागणी माफक आहे. रक्तदाब-मधुमेहाची औषधे ज्या दिवशी मिळतात, त्या दिवशी आरोग्य केंद्रात एक प्रशिक्षित, लेवा गणबोली वा अहिराणी समजणारा समुपदेशक असावा आणि दार लावून घेता येईल अशी एक खोली असावी. जिवावर उदार झालेल्यांना अर्थातच तज्ज्ञाकडे तत्काळ धाडावे लागेल. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि रेल्वे रुग्णालयाच्या चालकांनी एकेका ठिकाणी तरी याचा आरंभ उन्हाळ्यापूर्वी करावा. मे महिन्यात येथील वृद्ध दिवसभर घराबाहेर पडूच शकत नाहीत.