प्रबंधाच्या पानांतून रुग्णाची बाजू

‘एमबीबीएस’ला प्रवेश घेतलेली मुले आता गावात जाऊन काही कुटुंबे दत्तक घेतात. अभ्यासक्रमातच तशी सोय आहे. त्याशिवाय रक्तदान शिबिरे, तंबाखूविरोधी पथनाट्ये, शाळांमधली आरोग्य तपासणी हे सारे उत्साहाने चाललेले असते. हीच मुले काही वर्षांनी निवासी डॉक्टर म्हणून वॉर्डात उभी राहिली की चित्र बदलते. ओपीडी, राउंड, इमर्जन्सी, रिपोर्टांसाठी धावपळ आणि पुन्हा ओपीडी. गावातल्या आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या का थांबल्या, याचा ज्याने घरी जाऊन शोध घेतला होता, तोच आता दुसऱ्या आजींवर ‘गोळ्या का बंद केल्या?’ म्हणून खेकसतो. त्याची संवेदना मेलेली नसते. त्याला दोन रात्री झोप मिळालेली नसते.

म्हणून ‘आजकालच्या डॉक्टरांना समाजाचे काही पडलेले नाही’ हा शेरा अन्यायाचा आहे. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी १२ तासांहून आणि आठवड्याची ४८ तासांहून अधिक नसावी, असे केंद्राने १९९२ मध्येच सांगितले होते. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत मात्र आकडा नाही. कामाचे तास ‘वाजवी’ असावेत, एवढेच म्हटले आहे. वाजवी म्हणजे किती, हे शेवटी युनिट ठरवते. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने समाजासाठी पहिली गोष्ट करावी ती म्हणजे झोप. ती मिळवून देणे वरिष्ठांच्या हातात आहे.

तरीही प्रश्न उरतोच. विद्यार्थिदशेतले सामाजिक काम बहुधा कार्यक्रमांच्या रूपात असते. शिबिर संपले, फोटो निघाला, काम संपले. निवासी काळात कार्यक्रमांना वेळ नसतो, म्हणून कामच थांबते. खरे तर तिथे कामाचे रूप बदलायला हवे.

डॉ. अभय बंग यांचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. पण त्यातला हा धागा सहसा सांगितला जात नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या डॉक्टरने पुढे शेतमजुरांच्या किमान मजुरीचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा त्यांचे मुख्य हत्यार हिशेब हे होते. राबणाऱ्या माणसाला लागणारे अन्न सरकारी समितीने कमी धरले आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. ४ रुपये असलेली मजुरी पुढे १२ रुपये झाली. डॉ. राणी बंग यांच्यासह त्यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. गावातल्या प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तर बालमृत्यू किती कमी होतात, हे तिथे मोजले गेले. नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटल्याचा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०११ पासून ‘आशा’ताईंमार्फत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेणे हा देशाच्या कार्यक्रमाचा भाग झाला. कळकळ तर होतीच. सरकारला हलवले ते मोजमापाने.

हे मोजमाप प्रत्येक निवासी डॉक्टरला करावेच लागते. त्याला प्रबंध म्हणतात. एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो सक्तीचा आहे आणि बहुतेक प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडतात. विषय गाइड सुचवतात, विद्यार्थी मान डोलावतो. त्याऐवजी वॉर्डातच सतावणारा प्रश्न विषय म्हणून का घेऊ नये?

सर्पदंशाचेच घ्या. रुग्णाला साप कधी चावला, पहिली लस कुठे व किती वाजता मिळाली, वाटेत किती ठिकाणांहून पुढे पाठवले आणि शेवटी काय झाले, असे चार रकाने. वर्षभरात त्यातून तालुक्याचा नकाशा उभा राहतो. लस असूनही ती द्यायला कोणते केंद्र कचरते, अॅम्ब्युलन्स कुठे अडते, हे दिसते. सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी, असे केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळवले आहे. अशा नोंदींना आता वजन आहे. पदव्युत्तर शिक्षणातले तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. ते पाट्या टाकण्यात न घालवता हाच कागद जिल्हा शल्यचिकित्सकांसमोर ठेवता येतो.

दोन पथ्ये मात्र हवीत. एक, रुग्णाची ओळख आणि फोटो समाजमाध्यमांवर जाता कामा नये; अभ्यासाला नैतिकता समितीची परवानगी हवी. दोन, हे काम एकट्याचे नसावे. एक निवासी डॉक्टर पास होऊन गेला की वही बंद पडते. युनिटने ती पुढच्याच्या हाती द्यावी. मानधन आणि सुरक्षेसाठी निवासी डॉक्टर संप करतात, त्या मागण्या रास्तच आहेत. त्या निवेदनात औषधांच्या तुटवड्याची नोंदही जोडली, तर बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी हातात घेऊन फिरणारा नातेवाईक त्यांच्या बाजूने उभा राहील.

पुढे कोणी बाँडची सेवा करील, कोणी स्वतःचा दवाखाना काढील. सवय लागलेली असेल, तर तिथेही वही उघडेल. ती सवय लावायची जागा वॉर्ड हीच आहे. पुढच्या वेळी प्रबंधाच्या विषयावर सही करताना प्राध्यापकांनी विद्यार्थ्याला एवढेच विचारावे, ‘याचे उत्तर मिळाले, तर कोणत्या रुग्णाचे काय बदलेल?’